अंबादास, पुढची ओळ मी वाचली होती

अंबादास, गोल्फच्या चेंडूचा निर्णय पुन्हा लांबणार म्हणे. फार लांब जाणारे चेंडू आवरायचे, सगळ्यांसाठीच थोडा मंद चेंडू आणायचा, हे ठरून इतका काळ झाला आणि ते कधीपासून लागू करायचं यावर वरच्या मंडळींचं अजून एकमत होत नाही. सकाळी चहा घेताना मोबाईलवर ही बातमी वाचली आणि सवयीनं तुला पाठवायला तुझं नाव उघडलं. तिथं तुझा शेवटचा निरोप तसाच होता. "रविवारी येतो साहेब. उशीर नाय करत." तो रविवार उगवायच्या आत तू गेलास. आज पंचवीस दिवस झाले.

तू काय म्हणाला असतास ते मला ठाऊक आहे. "साहेब, त्यांचा जातो साडेतीनशे यार्ड. त्यांनी कमी करावा. आपला पावणेदोनशे. आपल्याला कशाला लावू राहिले?" आणि मी म्हणालो असतो, खेळ एक तर नियम एक. यावर आपण वर्षभर भांडलो. तू म्हणायचास, पन्नास टनाच्या प्रेसला आणि पाचशे टनाच्या प्रेसला एकच गार्ड, एकच संरक्षक जाळी बसत नाही. मी म्हणायचो, जगभर एकाच पुस्तकानं खेळतात म्हणून तर गोल्फ वेगळा. नियमांचं पुस्तक हा माझा प्रांत होता. मैदानावर कुणाचंही काही अडलं की लोक माझ्या तोंडाकडं बघायचे. तूही बघायचास.

लोकांना आपली जोडी विचित्र वाटायची. वाळूजच्या कारखान्यात मी उत्पादन खात्याचा मॅनेजर, तू टूलरूममधला फिटर, पुढं फोरमन. घरची मक्याची-कपाशीची शेती भावावर सोडून तू कन्नडच्या घाटाकडच्या गावातून इथं आलेला. मी तुला अरे-तुरे करायचो, तू मला साहेब म्हणायचास. मी निवृत्त झालो, मग तूही झालास, शेजारच्या रांजणगावात लेथ टाकून छोटं वर्कशॉप काढलंस, तरी ते बदललं नाही. बदल असं मी कधी म्हटलं नाही.

सुरुवात झाली ती माझ्या वाकलेल्या आयर्नपासून. आयर्न म्हणजे लोखंडी डोक्याची काठी, एवढंही तेव्हा तुला ठाऊक नव्हतं. डिकीच्या झाकणात सापडून तिची मान वाकली होती. मी ती कामाच्या वेळेत टूलरूममध्ये आणली, म्हणजे तसं बघितलं तर चुकीचंच. तू ती हातात उलटसुलट फिरवलीस.

"साहेब, ह्या पात्याला कोन किती ठिवायचा?"

"चौतीस अंश असेल."

"असंल का हाये?"

तू माझी सगळी बॅग मागवून घेतलीस आणि दुसऱ्या दिवशी कागदावर कोन लिहून दिलेस. "सात नंबर आन् आठ नंबरमधी एकाच अंशाचा फरक हाये. कंपनीनं लिहिलेलं खरं धरायचं नाय साहेब. मोजायचं." पाच वर्षं माझे त्या दोन काठ्यांचे फटके सारखेच पडत होते आणि मी माझ्या मनगटाला दोष देत होतो.

पुढच्या रविवारी तू ती काठी कशी चालते ते बघायला मैदानावर आलास. पायात सेफ्टी शूज. आपलं मैदान ते काय, नऊ होलचं. दिवाळीनंतर सगळं गवत पिवळं. चेंडू शेवटी जिथून होलात ढकलायचा तिथं दुसरीकडं मऊ हिरवळ असते, तिला ग्रीन म्हणतात. आपल्याकडं तेल मारून दाबलेली बारीक वाळू, म्हणून आपण त्याला ब्राऊन म्हणतो. तू वाकून त्या वाळूवरून बोट फिरवलंस आणि म्हणालास, "लई छान लेव्हल केलंय." मैदानाचं कौतुक करणारा पहिला माणूस मी बघितला.

दोन वर्षांत तू माझ्या बरोबरीनं खेळायला लागलास. कारखान्यातल्या चामडी हातमोज्याची बोटं कापून तो घालायचास. मी तुझ्या सभासदत्वाच्या अर्जावर शिफारस लिहिली. समितीतल्या दोघांनी भुवया उंचावल्या, मी ठाम राहिलो. हे मी तुला तेव्हा सांगितलं होतं. नको होतं सांगायला. त्या दिवसापासून तू माझा मिंधा झालास आणि ते मला आवडत होतं, हेही लिहून टाकतो.

नव्या सामानावरची आपली भांडणं मला फार आठवतात. दर वर्षी नवा ड्रायव्हर, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका मारायची काठी, निघतो, त्याचं तोंड म्हणे संगणकानं आखलेलं, फटका कडेला बसला तरी चेंडू सरळ जातो. मला ते पटत नाही. चुकीच्या फटक्याला शिक्षा नसेल तर बरोबर फटक्याचं कौतुक कसलं? तू हसायचास. "साहेब, मशीन चांगलं आलं म्हणून कारागीर खराब होत नाय. खराब असंल तं तो आधीचाच असतो." माझा नवा ड्रायव्हर तू दोन दिवस वर्कशॉपमध्ये ठेवून घेतलास, वजन केलंस, ठोकून आवाज ऐकलास आणि परत देताना म्हणालास, "चांगला हाये. पण तुमच्या खांद्याला काय करणार तो?"

आता पटरकडं येतो.

पटर म्हणजे ब्राऊनवर आल्यावर चेंडू होलात ढकलायची काठी. बाकी सगळे फटके कितीही देखणे असोत, खेळणारा तिथं जिंकतो किंवा हरतो. तुझे चार-पाच फुटांवरचे पट, म्हणजे पटरचे फटके, सुटायचे, होल चुकायचे. तू त्याचं कारण शोधत बसलास. एका रविवारी झाडाखाली बसून मला समजावलंस, "दांडा बसवलाय कडेला, वजन सगळं दुसरीकडं. हलवलं की तोंड फिरणारच. दार कसं बिजागरीवर फिरतं तसं. मंग ते सरळ ठिवायला हातानं जोर द्यावा लागतो आन् तिथंच चूक होती."

तीन महिन्यांनी तू स्वतः केलेला पटर घेऊन आलास. ॲल्युमिनियमचं डोकं, पितळेची वजनं आणि दांडा बरोबर डोक्याच्या मध्यावर, थोडा तिरका बसवलेला. दोन बोटांत धरून झुलवला तरी त्याचं तोंड फिरत नव्हतं. आपल्यातले एक डॉक्टर आहेत, ते म्हणाले, "अंबादास, फरशी पुसायला आणलास का?" सगळे हसले, तू सगळ्यांत जास्त. त्या दिवशी तुझा पाच फुटांच्या आतला एकही पट चुकला नाही.

मग वार्षिक कपाचा रविवार आला. माझं नोकरीतलं शेवटचं वर्ष होतं. तो कप मी आधी जिंकला होता आणि जाता जाता पुन्हा मिळावा असं फार वाटत होतं. आपण दोघं एकाच गटात होतो. अठराव्या होलवर, म्हणजे नवव्या ब्राऊनवर दुसऱ्या फेरीत, तू सहा फुटांवरून चेंडू आत घातलास आणि माझ्यापेक्षा दोन फटके कमी घेऊन पुढं गेलास. टोपी काढून माझ्याशी हात मिळवलास. तुझा तळवा घामानं ओला होता.

लिंबाखालच्या टेबलाशी फटके मांडलेली कार्डं द्यायची होती. तू सही केलीस, कार्ड पुढं केलंस आणि मी बोललो.

"अंबादास, हा पटर नियमात बसत नाही."

मी सांगितलं, दांडा डोक्याच्या टाचेशीच, म्हणजे कडेलाच जोडलेला हवा, मध्ये चालत नाही. मला तो नियम पाठ होता. त्या क्षणी मी खोटं बोलत नव्हतो, निदान मला तसं वाटत होतं. पण तो पटर तू चार महिने माझ्यासमोर वापरत होतास आणि मी एकदाही हरकत घेतली नव्हती. हरल्यावरच मला नियम आठवला.

"नक्की का साहेब?"

"नक्की."

तू टेबलावरचं कार्ड उचललंस, घडी घालून खिशात ठेवलंस. "मंग माझं धरू नका," म्हणालास. पुस्तक आणून दाखवा असं तू म्हणाला नाहीस. दुसरंही कुणी म्हणालं नाही. कप मला मिळाला आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत तू होतास.

त्याच संध्याकाळी घरी मी नियमांचं पुस्तक काढलं. का काढलं, सांगता येत नाही. मनात काहीतरी खुपत असणार. नियम होता, मी म्हटला तसाच होता. पुढची ओळ मात्र मी विसरलो होतो. पटरला तो लागू नाही. पटरचा दांडा डोक्याला कुठंही जोडलेला चालतो. तुझा पटर नियमात होता. तू जिंकला होतास.

आतल्या खोलीत माझी बायको फोनवर तिच्या बहिणीला कप मिळाल्याचं सांगत होती. मी पुस्तक मिटलं. उद्या तुला फोन करू असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सोमवारच्या बैठका होत्या. पुढच्या रविवारी तू आलास तेव्हा चारचौघांत नको म्हटलं. नंतर, इतक्या उशिरा सांगितलं तर तू काय म्हणशील, याची भीती वाटायला लागली. ती दर आठवड्याला वाढत गेली.

मग मी काय केलं, तर माझा जुना पटर तुला देऊन टाकला. तू तो दोन्ही हातांनी घेतलास. तुझा पटर तू खिळ्याला टांगलास, आधी घरी आणि पुढं वर्कशॉपमध्ये, आणि माझ्या पटरनं खेळू लागलास. पाच फुटांवरचे तुझे पट पुन्हा सुटायला लागले. त्यानंतर तू कप कधीच जिंकला नाहीस. प्रत्येक सुटलेल्या पटनंतर तू माझ्याकडं बघून हसायचास आणि मी दुसरीकडं बघायचो. सहा वर्षं, अंबादास. जगातली प्रत्येक गोष्ट व्हर्नियर लावून तपासणारा माणूस तू, माझा शब्द तेवढा तपासला नाहीस.

गेल्या वर्षापासून बातम्या यायला लागल्या. मोठे मोठे खेळाडू नव्या जातीचा पटर वापरतात, दांडा मध्ये जोडलेला, हलवला तरी तोंड न फिरणारा. एकामागून एक कंपन्या तसेच पटर काढायला लागल्या. मी त्या बातम्या वाचायचो आणि तुला पाठवायचो नाही. शेवटी तूच मला व्हिडिओ पाठवलास. खाली लिहिलं होतंस, "साहेब बघा, आपल्यासारखाच." आपल्यासारखाच. मी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला.

त्या रविवारी पार्किंगमध्ये बूट घालता घालता तू विचारलंस, "साहेब, नियम बदलला आसंल ना मधी?"

तुझ्या आवाजात संशय नव्हता. माझ्या सोयीचं उत्तर तू आपणहून माझ्या हातात देत होतास. मी बुटाची नाडी बांधत म्हणालो, "हो, बदलला असेल."

पहिल्या वेळेला निदान चूक तरी होती. ही चूक नव्हती.

"मंग आता चालंल म्हणायचं आपलं," म्हणालास आणि लहान पोराला सुट्टी लागावी तसा तुझा चेहरा झाला. तू पटर खिळ्यावरून काढलास, पितळ घासलंस, नवी ग्रिप चढवलीस. पुढच्या रविवारी तो घेऊन येणार होतास. शुक्रवारी सकाळी लेथशी उभा असताना छातीत कळ आली, शेजारच्या गाळ्यातल्या लोकांनी रिक्षात घातलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तुझ्या दहाव्याला मी गावी आलो होतो. तिथं काही बोलता येण्यासारखं नव्हतं. तेराव्यानंतर वहिनी रांजणगावला परत आल्या, तेव्हा मी घरी गेलो. त्यांनी पाणी दिलं. तुझी मुलगी प्रतीक्षा पुण्याहून आलेली होती, ती आत कपाट आवरत होती. मी वहिनींना सगळं सांगितलं, पटर, कप, पुस्तक, ती ओळ आणि पार्किंगमधलं बोलणंही. गोल्फमधलं त्यांना काही कळत नाही, म्हणून सोप्या शब्दांत सांगावं लागलं, आणि सोप्या शब्दांत ते फारच वाईट ऐकू येत होतं.

"म्हणजे ते जिंकले होते?"

"हो."

"आन् तुम्हाला माहीत होतं."

"त्याच संध्याकाळपासून."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी घरी आले तं जेवले नाय. म्हणले, माझीच चूक झाली. आधी इचारायला पाहिजे होतं. म्हणले, साहेबांनी येळंवर सांगितलं म्हणून लाज राहिली, नाय तं लोक म्हणले असते कामगारानं लबाडी केली."

त्या रडल्या नाहीत, मला रागानंही बोलल्या नाहीत.

"पाठक साहेब, हे मला सांगून तुमचं हलकं झालं आसंल. मला आता हे जन्मभर वागवायचंय. जिथं चार लोकांत बोलले, तिथं जाऊन सांगा."

परवाच्या रविवारी मी सांगितलं. त्याच टेबलाशी, खेळ सुरू व्हायच्या आधी. चौदा-पंधरा जण होते. वाटलं होतं आवाज कापेल, पण तो बैठकीत निघायचा तसाच खणखणीत निघाला आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. बोलून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "अहो, आता त्याचा काय उपयोग? माणूस गेला." दुसऱ्या एकानं मोबाईल काढला. सेक्रेटरींना मी अर्ज दिला होता, विजेत्यांच्या फळ्यावरचं त्या वर्षीचं माझं नाव पुसून तुझं लिहावं म्हणून. ते अवघडून म्हणाले की समितीनं बघितलं. कार्ड त्यानं स्वतःच परत घेतलं होतं, त्या वर्षीची स्पर्धा केव्हाच संपली, निकाल बदलता येत नाही. नियमानं ते बरोबर आहे. हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं असतं तर मीच सांगितलं असतं. मी कप टेबलावर ठेवून आलो. तो ऑफिसात ठेवलाय, त्याचं काय करायचं ते कुणालाच सुचत नाही.

माझ्या गटातले तिघं त्या दिवशी तिघंच खेळायला गेले. मला चला म्हणाले नाहीत आणि मीही मागून गेलो नाही.

टेबलाशी कुणी उरलं नाही तेव्हा लिंबाच्या मागून प्रतीक्षा आली. ती कधी आली, तिनं किती ऐकलं, मला माहीत नाही. स्कूटरची किल्ली हातात होती. "काका, बाबा जिंकले ते कुठं?" तिनं विचारलं. इतक्या वर्षांत तू तिला मैदानावर कधी आणलं नव्हतंस, म्हणायचास, साहेब लोकांत कशाला. मी तिला नवव्या ब्राऊनवर घेऊन गेलो. जिथून तू चेंडू घातलास ती जागा दाखवली. तिनं वाकून वाळूवरून हात फिरवला. बोटांना तेल लागलं, ते तिनं ओढणीला पुसलं.

"मला खरं सांगाल? लहानपणापासून मला वाटायचं, बाबांना खेळता वगैरे काही येत नसणार. साहेब चांगले आहेत म्हणून सोबत नेतात. आईलाही तेच वाटायचं. बाबा कसे खेळायचे?"

"माझ्यापेक्षा चांगला खेळायचा," मी म्हणालो. "सुरुवातीची दोन वर्षं सोडली तर नेहमीच."

"हे बाबांना कधी म्हणालात?"

"नाही," मी म्हणालो.